मेल गेला, पण पोचला का?

आमचं घर गुरुकुंज मोझरीत. तुकडोजी महाराजांनी 1935 साली उभारलेला आश्रम चालत पाच मिनिटांवर. दरवर्षी पुण्यतिथीला इथे लाखो माणसं येतात. पोस्टातून रिटायर झाल्यापासून बाबा त्या दिवसांत माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मग मी, त्यांची पुण्यातली 'हायफाय' लेक, म्हटलं, चला, वेबसाइट करून देऊ! पाहुण्यांनी फॉर्म भरायचा, मला मेल येणार, मी बाबांना फोन करणार. सिंपल!

पीएचपीमध्ये 'मेल' नावाचं फंक्शनच असतं. लिहिलं, चालवलं, उत्तर आलं: 'ट्रू'. मी खूश!

पुण्यतिथीच्या आदल्या रात्री अकोल्याचं एक कुटुंब दारात. सोबत थकलेली आजी. "महिन्यापूर्वीच फॉर्म भरला होता हो..." दोन्ही खोल्या फुल्ल. बाबांनी स्वतःची खोली दिली आणि ओसरीवर सतरंजी टाकली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

रात्रभर लॅपटॉप घेऊन बसले. तेव्हा कुठे कळलं, 'ट्रू' म्हणजे मेल पोचला असं नाहीच! सर्व्हरवरच्या सेंडमेलसारख्या प्रोग्रामने तो हातात घेतला, इतकंच. पुढे तो कुठेही अडू शकतो. त्यात माझ्या फॉर्मने 'फ्रॉम'मध्ये पाहुण्याचाच पत्ता टाकलेला. म्हणजे माझा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्रं धाडत होता. संशय येणारच ना, बॉस!

उपाय तसा सोपा होता. पीएचपीमेलर ही लायब्ररी घेतली. एसएमटीपी, पोर्ट 587, युजरनेम, पासवर्ड. 'फ्रॉम'मध्ये आपल्या डोमेनचा पत्ता, पाहुण्याचा 'रिप्लाय-टू'मध्ये. डीएनएसमध्ये एसपीएफ रेकॉर्ड. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतंच. आणि प्रत्येक फॉर्म डेटाबेसमध्येही सेव्ह. मेल हरवला तरी माणूस हरवायला नको.

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "पेटीत टाकलं म्हंजे पोचलं असं नसते, पोरी. नाही तं मी तीस वर्सं सायकल कायले हाणली असती?"

महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. त्या वेळेला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, पुण्यतिथीला मौन श्रद्धांजली होते. अकोल्याच्या आजी माझा हात धरून उभ्या होत्या.

आता फॉर्म आला की मी स्वतः फोन लावते. "काका, पोचला हं तुमचा मेल!"