चिमुकल्या कात्रीचं गाव

बालदोस्तांनो, पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काडेपेट्यांचे छाप... तुमच्यापैकी कुणी ना कुणी यातलं काहीतरी जमवत असेलच. पण जगात काही मंडळी जुने घडीचे चाकू जमवतात. त्यातही पोटात चिमुकली कात्री दडवलेला चाकू मिळाला, की स्वारी खूश! या छंदाचा माग काढत गेलात, तर पोचाल थेट स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी. चला, आज तिथंच जाऊ या.

नकाशा उघडा. हे बघा ल्यूसर्नचं सरोवर. त्याच्या जवळच श्वीत्स हे गाव आहे. या श्वीत्सवरूनच साऱ्या देशाला नाव मिळालं, बरं का! मागं १८९८ मीटर उंचीचा ग्रोसर मीटन डोंगर आणि खाली मुओटा नदीच्या काठी इबाख.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा भाग गरीब होता. हाताला काम नाही म्हणून माणसं देश सोडून जात. अशा वेळी कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये इबाखला चाकू बनवायला सुरुवात केली. स्विस सैन्याला घडीचे चाकू हवे होते, पण पहिले चाकू आले जर्मनीतल्या झोलिंगेनहून! हे काम आपल्याच माणसांना का मिळू नये? एल्सनर यांनी इतर कारागिरांना एकत्र केलं आणि १८९१ पासून सैन्याला चाकू पुरवले. पण झोलिंगेनचा माल स्वस्त पडे. बाकीचे कारागीर मागं हटले, एल्सनर कर्जात बुडाले. नातेवाइकांनी हात दिला म्हणून कारखाना वाचला.

सैनिकांच्या त्या चाकूत पातं होतं, डबा उघडायची सोय होती, भोकं पाडायचा टोच्या होता, बंदूक खोलायला स्क्रू ड्रायव्हरही होता. कात्री मात्र नव्हती! २००८ मध्ये सैन्यानं नवा चाकू घेतला, त्यातही ती नाही. मग कात्री आली कुठून?

त्याचं असं झालं. १८९७ मध्ये एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारं बसवली होती. एकाच स्प्रिंगचा दोन्ही बाजूंनी उपयोग, अशी ती युक्ती! त्यामुळे जाडी फार न वाढवता पुढं कात्री, करवत अशी अवजारं घालता आली. हा चाकू सैन्य वाटत नसे, ज्याचा त्यानं विकत घ्यायचा.

आता जुना चाकू पाहताना जाणकार काय करतात? आधी कात्री उघडतात. इबाखच्या कात्रीच्या दोन दांड्यांमध्ये एक बारीकशी लवचीक पट्टी असते. दाबलं की कात्री मिटते, सोडलं की पट्टी तिला उघडते. ही पट्टी वापरून वापरून तुटते. म्हणून मूळ पट्टी शाबूत असलेला जुना चाकू दुर्मीळ! नवी पट्टी घातली तर कात्री कापेल, पण चाकू पूर्वीचा राहणार नाही. काय करावं? संग्राहकांना हा प्रश्न नेहमी पडतो.

मग ते पात्याच्या बुडाशी कोरलेलं नाव वाचतात. १९०९ मध्ये एल्सनर यांची आई वारली. तिच्या आठवणीसाठी त्यांनी चाकूला 'व्हिक्टोरिया' हे तिचं नाव दिलं. १९२१ मध्ये गंज न धरणारं पोलाद, म्हणजे 'इनॉक्स' आलं आणि दोन्ही शब्द मिळून झालं 'व्हिक्टोरिनॉक्स'. म्हणजे नावावरून वयाचा अंदाज!

२००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाला आणि विमानात सोबत चाकू नेण्यावर बंदी आली. विमानतळांवरच्या दुकानांतला खप एकदम घसरला. तरीही इबाखच्या कारखान्यानं माणसांना घरी पाठवलं नाही. काही कामगारांना तर काही काळ जवळपासच्या कारखान्यांत काम मिळवून दिलं. गावातल्या हातांना काम मिळावं, यासाठीच तर सुरुवात झाली होती ना!

तुमच्या घरीही एखादा जुना चाकू किंवा अडकित्ता असेल. आई-बाबांना बरोबर घेऊन त्याच्यावरचं नाव शोधा. पॉलिश पेपरनं मात्र घासू नका हं! गंजाबरोबर ते नावही पुसलं जाईल, आणि मग तो कुठून आला, कुणी बनवला, हे कुणाला विचारणार?