आरसे उतरवताना

इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतींच्या ट्रॅकवर प्रथमच मोटारसायकल नेण्याचा मुहूर्त जसजसा समीप येऊ लागला, तसतशा माझ्या सायंकाळी, सरदार विठ्ठल शिवदेवांच्या एकेकाळच्या जहागिरीच्या या विंचुरात, साखळीचा ढिलेपणा बोटाने अजमावण्यात, सांडल्यास ट्रॅक निसरडा होऊ नये म्हणून कूलंट काढून ऊर्ध्वपातित पाणी भरण्यात आणि दिव्याच्या काचेवर चिकटपट्ट्या लावण्यात जाऊ लागल्या.

आरसे उतरवताना मात्र हात थबकला. मागून कांद्याचा ट्रॅक्टर येतो आहे की काय, हे पाहिल्यावाचून लासलगावच्या रस्त्यावर मी कधी वळलेलो नाही. ट्रॅकवर म्हणे मागच्यानेच पुढच्याला सांभाळायचे. हा विश्वास म्हणावा की बेपर्वाईची सनद? मला भय वेगाचे नाही, या अपरिचित भरवशाचे आहे.

त्या दिवशी ट्रॅकवर शर्यत नाही, बक्षीस नाही, वर शुल्कही आपणच भरायचे, हे आईला अद्याप सांगितलेले नाही.