होडीचा गाडा

पानशेतचं धरण 12 जुलै 1961 ला फुटलं आणि पुढं पुन्हा बांधलं. आंबी नदीचं खोरं पाण्याखाली गेलं. घर या काठाला आणि उरलंसुरलं रान पलीकडच्या काठाला, अशी आमची वाटणी पाण्यानंच करून दिली. तेव्हापासून शेतकऱ्याच्या दारात बैलगाडीच्या जोडीला होडी आली.

पावसाळ्यात पाणी पार बांधाला लागतं. उन्हाळ्यात ते खाली खडकवासल्याला, तिथनं पुण्याला जातं आणि काठ रोज मागं हटतो. पत्र्याची होडी गाळावर कोरडी पडते. मग तिला वर आणायची, गंज खरवडायचा, डांबर द्यायचं आणि परत पाण्यापर्यंत न्यायची. पूर्वी एक हाक दिली की आठ गडी यायचे. होडी उचलायचे, चहा पिऊन जायचे. आता तरणी पोरं पुण्यात कामाला. हाक दिली तर आम्ही दोन म्हातारेच जमतो. माणसं सरली, म्हणून चाकं लावावी लागली.

भंगारातनं जुन्या मोटारीचा आख दोन चाकांसकट आणला. अँगलचा सांगाडा वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतला. तो म्हणाला, "काका, आख बरोबर मधोमध लावतो."

म्हटलं, "थांब बाळा. आधी होडीला विचारू."

होडीचा मध्य आणि तिचा तोल एका जागी नसतो. जमिनीवर लोखंडी पाइप टाकला, त्यावर होडी चढवली आणि मागं-पुढं सरकवली. जिथं ती तराजूगत डुलायला लागली, तिथं खडूची खूण केली. आख त्या खुणेच्या वीतभर मागं घेतला. बैलगाडी हाकलेल्याला हे सांगावं लागत नाही. वजन मागं गेलं तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. फार पुढं आलं तर मान दबते. थोडा भार मानेवर पाहिजे, थोडाच.

सांगाड्यावर दोन लांब फळ्या टाकल्या, वर बारदान गुंडाळलं. नुसत्या अँगलवर ठेवली तर पत्र्याला पोचे येतात. मागच्या टोकाला पाइपाचा रूळ बसवला. त्यावरनं होडी दोघांनी ओढली तरी चढते. चाकं रुंद घेतली, कारण अरुंद चाक गाळात रुततं.

एक गोष्ट मात्र पाळावी लागते. चालून तापलेली चाकं लगेच पाण्यात घालायची नाहीत. बेअरिंग गार पडताना पाणी आत ओढतं, ग्रीस धुऊन जातं आणि गंज धरतो. काठावर बैल सोडून घटकाभर बसायचं, मग होडी उतरवायची. तेवढ्यात दोघांचं बोलणंही होतं.

आता वस्तीवरचे बाकीचेही गाडा मागायला येतात. भाडं घेत नाही. म्हणतो, न्या, आणताना ग्रीस भरून आणा, आणि माझी होडी काढायच्या दिवशी घरचं एक माणूस पाठवा. गाडा होडी वाहतो, पण पाण्यात उतरताना तिची दोरी धरायला तिसरा माणूस लागतोच.