कोलकात्याचे सोनखत

कोलकात्याला गेलेला मराठी माणूस हावड्याचा पूल पाहतो, दक्षिणेश्वर-बेलूर करतो, व्हिक्टोरिया मेमोरिअलसमोर फोटो काढतो आणि रसगुल्ल्याचे डबे घेऊन परततो. मुले बरोबर असली तर फार तर सायन्स सिटीपर्यंत मजल जाते. तिथूनच बसंती हायवे पूर्वेकडे फुटतो. त्या रस्त्याने थोडे पुढे गेले, की शहर एकदम संपते आणि पाणी सुरू होते. नारळाची झाडे, बांधांवर भाजीचे वाफे, अरुंद होड्या, काठाला बांबूच्या कुंपणात अडवलेली जलपर्णी. दृश्य असे, की आपण कोकणात की केरळात असा क्षणभर प्रश्न पडावा. मग वारा फिरतो आणि रस्त्यालगतच्या कालव्याचा वास नाकात शिरतो. पदर नाकाला लावायची वेळ येते खरी, पण परत फिरू नका. पाहण्यासारखी गोष्ट त्या वासातच आहे.

कालव्यातले ते काळे पाणी म्हणजे कोलकाता शहराचे मैलापाणी. रोज 75 कोटी लिटरांच्या आसपास. हुगळी नदी शहराच्या पश्चिमेला असली, तरी जमिनीचा उतार पूर्वेकडे आहे, त्यामुळे इंग्रजांनी सांडपाणी तिकडेच वळवले. पूर्वी ते बिद्याधरी नदीत पडे. ही भरती-ओहोटीची नदी गाळाने भरत गेली आणि 1928 मध्ये सरकारने ती मृत झाल्याचे जाहीर केले. नदीकाठची खारी तळी भरतीच्या खाऱ्या पाण्यावाचून पडली. तेव्हा तिथल्या मत्स्यशेती करणाऱ्यांनी शहराचे मैलापाणीच तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. अशा तळ्याला बंगालीत 'भेडी' म्हणतात. आज अशा अडीचशेच्या आसपास भेड्या आहेत आणि भातशेती, भाजीमळे, गावे धरून हा सगळा प्रदेश साडेबारा हजार हेक्टरांचा भरतो. ऑगस्ट 2002 मध्ये त्याला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

आता थोडे आपल्या नेहमीच्या मैलाशुद्धीकरण केंद्राबद्दल. तिथे पाणी टाक्यांत साठवतात, त्यात यंत्राने हवा सोडतात, जिवाणू घाण खातात आणि गाळ तळाशी बसतो. 1914 मध्ये मँचेस्टरला ही पद्धत निघाली. पाणी स्वच्छ होते, पण गाळाचे काय? तो जवळजवळ पाणीच असतो. तो कुजवायचा, पिळायचा, वाळवायचा, ट्रकमध्ये भरून कुठेतरी नेऊन टाकायचा. केंद्र चालवण्याच्या खर्चातला निम्म्यापर्यंतचा वाटा या गाळापायी जाऊ शकतो. घर झाडून केर दाराबाहेर लोटावा, तसा हा प्रकार.

भेडीत यंत्र नाही. पाणी जेमतेम कमरेइतके, त्यामुळे ऊन तळापर्यंत पोचते. उन्हात हिरवे शेवाळ वाढते, ते प्राणवायू देते, जिवाणू घाण फोडतात, शेवाळावर मासे पोसतात. काळे पाणी दोन-तीन आठवड्यांत हिरवे होते. रोहू, कातला, मृगल आणि तिलापिया मिळून वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासळी इथून शहराच्या ताटात जाते.

गाळाचा हिशोब मात्र थंडीत होतो. त्या दिवसांत भेडीचे पाणी काढून टाकतात आणि तळ उन्हाला उघडा करतात. वर्षभर साचलेला मैल्याचा गाळ सुकतो, भेगाळतो, त्याचा वास जातो. मग माणसे फावडे आणि टोपल्या घेऊन उतरतात. काठाने चर खणलेले असतात, गाळ त्यांत जास्त जमतो. तो उपसून बांधावर थापायचा. बांध मजबूत होतो आणि वर भाजी पिकते. नंतर तळ नांगरून पुन्हा मैलापाणी घेतात, काही दिवस तसेच ठेवतात, बांबूने, जाळ्याने ढवळतात. आधी थोडे मासे सोडून पाहतात. ते जगले, तरच बाकीचे बीज टाकतात. पाणी तयार झाले की नाही हे रंगावरून आणि वासावरून सांगणारी माणसे इथे आहेत. आपल्याकडे पूर्वी शेतकरी तळ्यातला पोयटा गाडीने शेतावर नेत, मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हणत. नाव ठेवणाऱ्याला त्याची किंमत बरोबर ठाऊक होती.

हे सारे सरकारदरबारी समजले ते ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्यामुळे. शहराच्या मैलापाण्याचे पुढे काय होते, याचा शोध घेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते कालव्याच्या काठाने चालत इथवर आले, आणि शहराला न मागता मिळालेले शुद्धीकरण केंद्र त्यांना सापडले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी ते वाचवण्यात घालवले. 2018 मध्ये ते गेले.

वाचवायचे कशापासून? पहिली गोष्ट जमीन. शेजारचे सॉल्ट लेक हे सुबक उपनगर असेच पाणथळ बुजवून उभे आहे. 1962 पासून हुगळीच्या तळातला गाळ नळांतून आणून तिथे ओतला गेला. एका गाळाने तळी जगतात, दुसऱ्याने ती बुजतात! 1992 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पाणथळ बुजवायला मनाई केली, 2006 मध्ये कायदाही झाला, तरी काठाकाठाने भराव पडतच असतात.

दुसरी गोष्ट गाळ. गाळ उपसायला माणसे लागतात, मजुरी लागते. अनेक मोठ्या भेड्या वर्षानुवर्षे उपसल्या गेलेल्या नाहीत. तळ वर येतो, पाणी कमी मावते, मासळी घटते. मासळी घटलेली भेडी विकत मागायला बिल्डर लांबून येत नाही, तो बायपासवरच असतो. तिसरी गोष्ट चामड्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानंतर शहरातले चामड्याचे कारखाने याच भागातल्या बानतल्याला आले. कातडी कमावताना क्रोमियम वापरतात, आणि क्रोमियम उन्हाने मरत नाही, ते गाळात साठते. असा गाळ सोनखत नव्हे. कारखान्यांचे पाणी भेड्यांच्या कालव्यापासून कडेकोट वेगळे राहायलाच हवे, यात तडजोड चालणार नाही.

'मैल्यावर वाढलेला मासा खायचा?' असे घरोघरी विचारले जाईलच. पाणी मुरलेले असते, ऊन जंतू मारते, तरी मासा नीट साफ करून चांगला शिजवावाच. बंगाली गृहिणी मोहरीच्या वाटणात तो शिजवते, तेव्हा कालव्याची आठवण कुणालाच होत नाही.

जायचे तर डिसेंबर-जानेवारीत जा, पहाटे. त्या वेळी बानतल्याकडच्या बाजारात लिलाव चालतो. पाण्याने भरलेल्या अॅल्युमिनियमच्या हंड्यांत जिवंत मासे उसळत असतात आणि उजाडायच्या आत ते सायकलींवरून शहराकडे निघतात.