गवताची परीक्षा

परीक्षा घेणे हा आमचा पोटापाण्याचाच धंदा असल्यामुळे, अमेरिकेत सरकार गवताचीही परीक्षा घेते हे वाचून आम्हांस प्रथम मौज वाटली. त्या परीक्षेचा पूर्वेतिहास कळल्यावर मात्र मौज ओसरली व आदर उत्पन्न झाला.

१९३० नंतरच्या दशकात त्या देशाच्या मध्यभागी दीर्घ अवर्षण पडले. मुळांनी माती आवळून धरणारे मैदानांवरील जुने गवत आधीच नांगराखाली गेले होते. वाऱ्याने उघडी माती उचलली आणि धुळीची वादळे थेट राजधानीपर्यंत पोहोचली. ह्यू हॅमंड बेनेट यांच्या खटपटीने १९३५ साली मृद्संधारणाचा कायदा झाला. नव्या खात्याने रोपवाटिका चालविल्या. आजची वनस्पतिकेंद्रे त्यांचीच संतती होय.

परंतु याच खात्याने दक्षिणेत कुडझू नामक वेल लाविण्याचा सपाटा चालविला होता. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जपानहून शोभेकरिता आलेली ही वेल झपाट्याने जमीन झाकी, गुरांस चाराही देई. ती लावणाऱ्या शेतकऱ्यांस सरकार पैसे देई. कोट्यवधी रोपे वाटली गेली. पुढे तिने झाडे, कुंपणे, ओस घरे गिळून टाकली, आणि १९५३ साली शिफारशीच्या यादीतून तिचे नाव काढावे लागले. आपल्याकडील वेड्या बाभळीची हकीकत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचे नवल वाटावयाचे नाही. हेतू शुद्ध होता. घाई मात्र नडली.

हे ध्यानी घेतले म्हणजे या केंद्रांच्या संथपणाचे मोल कळते. तेथील माणसे रानोमाळ हिंडून बी गोळा करतात, शेजारी शेजारी वाफ्यांत पेरतात, आणि कोणाचे मूळ खोल जाते, कोण थंडीत तगते, कोण आपली मर्यादा ओलांडते, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवतात. कसोटीस उतरलेले बी मग रोपवाटिकावाल्यांच्या स्वाधीन होते. न्यू जर्सीतील केप मे येथील केंद्राने समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारे ‘केप’ नावाचे गवत १९७२ साली असेच लोकांच्या हाती दिले.

ज्याचे फळ एका निवडणुकीपासून दुसऱ्या निवडणुकीपर्यंत दिसत नाही, अशा कामावर काटकसरीची कात्री चालविण्याचा मोह कोणत्याही सरकारास व्हावयाचाच. तथापि दहा वर्षांचे पगार वाचवून पुढे पन्नास वर्षे वेल तोडीत बसणे, यास काटकसर म्हणण्यास आम्ही तरी तयार नाही.