बहार कोणाची?

आम्ही रत्नागिरीत उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. दरवर्षी आठवीला ‘मौसम-ए-बहार’वर निबंध देतो आणि दरवर्षी तेच लिहून येते: गुलाब उमलतो, बुलबुल गातो. हा बुलबुल फारसी शायरीतून आलेला. आमच्या कुंपणावर बसणारा शेंडीवाला बुलबुल निराळा पक्षी आहे, हे आम्ही वर्गात कधी सांगितले नाही.

एका वर्षी एका मुलाने लिहिले, ‘बहार म्हणजे आंब्याचा मोहोर. मळभ आले की त्याला तुडतुडा लागतो. मग अब्बा रात्री झोपत नाहीत.’ त्याच्या वडिलांनी दुसऱ्याची कलमे कराराने घेतली होती. आम्ही ‘विषय सोडून लिहिले’ असा शेरा मारला आणि गुण कापले.

पुढे तो शेरा आम्हालाच टोचू लागला. फैज अहमद फैज १९५१ साली तुरुंगात गेले. १९५२ मध्ये त्यांचा ‘दस्त-ए-सबा’ आला, तेव्हाही ते आतच होते. चमन, कफस, सबा हे शब्द जुनेच. पण कफस आता खरा तुरुंग झाला होता आणि बहार म्हणजे सुटकेची आस. मराठीत बालकवींच्या हिरव्या निसर्गानंतर मर्ढेकर आले. त्यांनी माघातली सकाळ मुंबईच्या बंदरावर पाहिली. धक्क्यावरच्या बोटी आणि गवळ्यांचे हंडे कवितेत आले. रशियात प्रतीकवादी कवींनी गुलाबाला गूढ प्रेमाची खूण करून टाकले होते. १९१३ साली गरोदेत्स्की या कवीने बजावले की गुलाब पुन्हा गुलाब म्हणूनच सुंदर आहे.

या मंडळींनी वारशाने आलेली बहार फेकून दिली नाही. तिच्यात आपले जगणे भरले. त्या मुलाने तरी दुसरे काय केले होते?

तो मुलगा केव्हाच शाळा सोडून गेला. कापलेले गुण आता परत देता येत नाहीत. यंदा माघात निबंध देण्याआधी आम्ही सगळा वर्ग शाळेमागच्या कलमांखाली नेला. म्हटले, आधी मोहोराचा वास घ्या, मग लिहा.

एकाने भीत भीत विचारले, “सर, गुलाब लिहायचा नाही का?”

आम्ही म्हणालो, “तुझ्या अंगणात असेल तर जरूर लिही.”