भाद्रपदातील सावर्डे

चिपळूणच्या दक्षिणेस, मुंबई-गोवा महामार्गावरील सावर्ड्यास कोकण रेल्वेचे स्थानकही आहे. भाद्रपदात गणेशचतुर्थी व संवत्सरी लागोपाठ येतात आणि चाकरमानी व व्यापारी कुटुंबे एकाच गाडीवर अवलंबून राहतात. पूर्वी १२० दिवस आधी उघडणारे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आले. प्रतीक्षायादी मात्र पूर्वीइतक्याच त्वरेने लागते.

संवत्सरीस घरी पोहोचू पाहणाऱ्या वृद्ध मातोश्रींसाठी दोन वाटा उरतात. सावर्ड्यास न थांबणाऱ्या गाडीचे चिपळूणपर्यंतचे तिकीट ही पहिली, अधिक शहाणपणाची. दुसरी तत्काल: आदल्या दिवशी वातानुकूलितासाठी सकाळी १० वाजता, शयनयानासाठी ११ वाजता. त्यातील निश्चित तिकीट रद्द केल्यास परतावा नाही, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको!